विहिरीचं काम आणि डोक्यावरचं हेल्मेट

फाल्गुन लागला की आपल्याकडं विहिरींची कामं निघतात. यारी येते, सुरुंगाचे आवाज येतात. टोळीतल्या माणसांच्या डोक्याकडं बघा, टॉवेल गुंडाळलेला. उन्हाला टॉवेल बरा, पण वरून दगड आला तर त्याचा काय उपयोग?

पन्नास फुटांवरून सुटलेला दगड तळाला पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असतो. अंड्याएवढा असला तरी डोकं फोडतो. आपण मात्र म्हणतो, हेल्मेट बघायचं काम ठेकेदाराचं. मला हे पटत नाही. विहीर आपली, पाणी आपण पिणार, सात-बाऱ्यावर नोंद आपली. कायद्याचं म्हणाल तर कारखान्यात साहेब येऊन तपासतो. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात दहा कामगारांची अट होती, आपल्या विहिरीवर माणसं पाच-सहा. तिथं तपासायला कोण येणार? म्हणून मालकानंच बघायचं.

आता टोळीवाले म्हणतात, "दादा, उकडतंय, डोकं आवळतंय, वाकलं की पडतंय." ते खोटं बोलत नाहीत. आपण स्वस्तातलं आणून देतो आणि वर त्यांनाच नावं ठेवतो. घालवेल असं हेल्मेट आणलं तर माणूस घालतो, हा माझा अनुभव आहे.

घेताना आधी आयएसआयचा शिक्का आणि त्याच्याजवळ आयएस 2925 हा आकडा बघा. हा कामावरच्या हेल्मेटचा. गाडीच्या हेल्मेटवर आयएस 4151 असतं. काहीजण घरातलं गाडीचंच घालून उतरतात. ते जड, त्यात कान झाकलेले. वरून "सरक रे" म्हणून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. शिक्क्याखाली सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर टाकला की खरं-खोटं कळतं.

मग आतला पट्ट्यांचा सांगाडा बघा. खरं काम तोच करतो. वरची टोपी आणि डोकं यांच्यात मोकळी जागा राहते, दगडाचा मार पट्ट्यांवर वाटला जातो. म्हणून आत जाड टॉवेल कोंबायचा नाही, तंबाखूची पुडी तर नाहीच. (हसू नका, ठेवतात.) घामच टिपायचा तर कपाळावरची पट्टी निघणारी, धुता येणारी घ्या. मागं फिरकीचं बटण असलेलं थोडं महाग पडतं, पण ते घ्या. पिनांच्या पट्ट्याचं माप कुणी बदलत बसत नाही. अंबाडा असलेल्या बायांनाही फिरकीचं बरं पडतं. हनुवटीचा पट्टा पाहिजेच, विहिरीत माणूस दिवसभर वाकलेला असतो. रंग पांढरा किंवा पिवळा, काळं तापतं.

वारा लागावा म्हणून कुणी सळई तापवून भोकं पाडतात. तसं करू नका, टोपी तिथंच कमजोर होते. ट्रॅक्टरवर उन्हात टाकून ठेवलं तर प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. एकदा जोराचा मार बसला की दिसायला धड असलं तरी टाकून द्या.

एक मात्र डोक्यात असू द्या. भरलेली बकेट सुटली तर कुठलंच हेल्मेट वाचवत नाही. बकेट वर जाताना खाली कुणी उभं राहायचं नाही आणि काठावरचा डबर लांब ओढायचा, हे आधी.

सहा-सात लाखांच्या विहिरीत पाच हेल्मेटचे दीड-दोन हजार म्हणजे यारीच्या एका दिवसाचं डिझेलही नाही. ठेका ठरवतानाच बोलून घ्या, नंतर मुकादम ऐकत नाही.

माझ्याकडं चार चांगली हेल्मेट आहेत. गावात कुणाची विहीर चालू असेल तर घेऊन जा. कपाळाची पट्टी तेवढी धुवून आणा.