पेल्यातील माप

कॉकटेल ही अमेरिकेची निर्मिती, असे सर्रास मानले जाते. नावापुरते ते खरेही आहे. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने मे १८०६ मध्ये एका वाचकाच्या शंकेला उत्तर देताना, कोणतेही कडक मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल, अशी व्याख्या छापली. त्यात मद्य म्हणून व्हिस्की घातली की आजचे 'ओल्ड फॅशन्ड' तयार होते. परंतु मद्य, गोडी आणि आंबटपणा यांचे प्रमाण जुळविण्याची विद्या याहून जुनी आहे आणि तिचे एक पान मुंबईत लिहिले गेले आहे. 'पंच' या पेयाचे नाव त्यातील पाच घटकांवरून, म्हणजे आपल्याच 'पाच'वरून पडले, अशी व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते. या पंचासाठी मुंबईच्या कंपनी सरकारने १६९४ मध्ये हुकूम काढला होता. ग्राहकाने एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचे पाणी मागून घ्यावे व आपला पंच आपणच बनवावा, असे त्यात म्हटले होते. पेल्यात काय आणि किती पडते, हे पिणाऱ्याला कळावे, हा त्यातील मथितार्थ आजही शिळा झालेला नाही.

अभिजात कॉकटेलांची कला ही मुळात मापाचीच कला होय. 'मॅनहॅटन'मध्ये व्हिस्कीच्या निम्म्याहून कमी गोड व्हर्मूथ पडते आणि कडू अर्काचे दोनचार थेंब. हा अर्कही औषधीच; अंगोस्तुरा अर्क व्हेनेझुएलात १८२४ मध्ये सिगर्ट या लष्करी डॉक्टरने तयार केला. पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी आली आणि हलक्या, चोरट्या दारूची दुर्गंधी लपविण्यासाठी फळांचे रस व मध सढळपणे वापरले जाऊ लागले. जी कला मद्याची चव खुलविण्यासाठी होती, ती मद्य झाकण्यासाठी राबू लागली.

महाराष्ट्रालाही हा अनुभव परका नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हातभट्टी संपली नाही. बंदी पुढे सैल झाली, तरी 'परमिट रूम' हे नाव मागे उरले. त्यातच भारतात व्हिस्की म्हणून विकले जाणारे बरेचसे मद्य उसाच्या मळीच्या मद्यार्कापासून बनते. केवळ धान्यापासून केलेल्या व किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरविलेल्या मद्यासच व्हिस्की म्हणणाऱ्या युरोपात ते या नावाने विकता येत नाही.

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. औषध मिलिलिटरमध्ये मोजण्याचे महत्त्व या वस्तीस सांगावयास नको. परंतु जवळच्या जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून रात्री दुचाकीने घरी परतणाऱ्या माणसाला आपण किती मद्य घेतले हे ठाऊक असतेच, असे नाही. पेग मागणारा तीस किंवा साठ मिलिलिटरचा हिशेब ठेवू शकतो. लिंबू-साखरेच्या 'व्हिस्की सावर'मध्ये मात्र मद्याची धार बोथट होते आणि हिशेबही बुडतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या साठ मिलिलिटर व्हिस्कीत पंचवीस मिलिलिटरहून अधिक शुद्ध मद्यार्क असतो. साखरेने तो कमी होत नाही. वाहनचालकाच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, तर कायदा त्याला गुन्हेगार ठरवितो. ती मर्यादा पेय गोड होते की कडू, हे पाहत नाही.

म्हणूनच प्रत्येक कॉकटेलपुढे त्यातील मद्य कोणते आणि किती मिलिलिटर, हे दरपत्रकावर छापणे राज्य उत्पादन शुल्क विभागाने सक्तीचे करावे. यास फार मोठा खर्च येणार नाही. मद्याविषयी असे तपशील देणे म्हणजे त्याचा प्रचारच, असा आक्षेप काही सज्जन घेतील. न पिणे सर्वांत उत्तम, याबद्दल वाद नाही. कडक मद्यासाठी राज्याने घातलेली पंचवीस वर्षांची वयोमर्यादाही तरुणांनी पाळलीच पाहिजे. परंतु जो पिणारच आहे, त्याच्यापासून माप लपवून कोणाचेच नीतिधैर्य वाढत नाही. अपघात मात्र वाढू शकतात. सवातीनशे वर्षांपूर्वी व्यापारी कंपनीच्या राजवटीने ग्राहकाला जे दिले, ते देण्यास लोकांनी निवडलेल्या सरकारने संकोच करावा, हे शोभणारे नाही.