प्रवासवर्णन कोणाच्या खर्चाने?

प्रवासवर्णनांचा सध्या सुकाळ आहे. मात्र त्यांतील कित्येक हॉटेलांच्या व सहल-कंपन्यांच्या खर्चाने लिहिली जातात. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या भातात खडा सापडला, हे लिहिण्यास धैर्य लागते.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्यासाठी. उठावाच्या धामधुमीत ते सापडले. १८५८ साली झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. तेथील लूट, कत्तल आणि स्वतःची भीती त्यांनी सारख्याच सरळपणे नोंदविली. 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाले व अद्यापि वाचले जाते, कारण तो प्रवास कोणाचे गुणगान करण्यासाठी केलेला नव्हता.

पदरमोड करून हिंडणारी आणि पाहिले तेच लिहिणारी माणसे आजही आहेत. जाहिरातीचे बळ नसल्याने ती मागे पडतात. त्यांना शोधण्याचे काम वाचकांनीच केले पाहिजे. लेखकाचा खर्च कोणी केला आणि त्याने गैरसोयी सांगितल्या आहेत काय, हे दोन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. या कसोटीस उतरणारे लेखन शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावे, इतरांनी स्नेह्यांना आवर्जून सुचवावे. लेखकाने आश्रयदात्याच्या दारी जाऊ नये असे वाटत असेल, तर त्याला वाचक मिळवून देणे हाच उपाय आहे.