न लिहिलेले औषध

चातुर्मास सुरू झाला की सोलापुरातील फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने गजबजू लागतात. दमट हवा, साचलेले पाणी, वाढलेले डास. त्यामागोमाग ताप, खोकला, घसादुखी, जुलाब. नवी पेठेतील किंवा चाटी गल्लीतील दुकान नोकरांवर सोपवून आलेल्या गृहस्थाची अपेक्षा एकच असते, की उद्या सकाळी गादीवर बसता यावे. डॉक्टरांनी नीट तपासून केवळ पॅरासिटामॉल लिहिले आणि ‘दोन दिवसांनी पुन्हा या’ असे सांगितले, की मन खट्टू होते. इंजेक्शन नाही, सलाइन नाही, अँटिबायोटिक नाही. मग शुल्क कशाचे घेतले?

शुल्क निर्णयाचे असते. फॅमिली डॉक्टरांकडे येणारे बहुतेक आजार आपोआप बरे होणारे असतात. पण त्याच गर्दीत एखादा रुग्ण असा असतो, की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला ओळखणे, त्याच्यावर विलंब न करता उपचार करणे आणि उरलेल्यांना अनावश्यक औषधापासून दूर ठेवणे, हे या विद्येचे मर्म आहे. म्हणून ‘हा कोणता रोग?’ या प्रश्नाच्या आधी डॉक्टर मनात विचारतात, ‘येथे धोका आहे काय?’

या विवेकाचे एक थोर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत घडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. खोकला तर प्रत्येक घरातील मुलाला होतो; त्यांपैकी न्यूमोनिया कोणाला, हे दवाखान्यापासून दूरच्या पाड्यावर ओळखायचे कसे? उत्तर होते श्वासांच्या मोजणीत. २ महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर ते धोक्याचे लक्षण मानले जाते. परंतु अनेक सुइणींना इतके आकडे मोजता येत नव्हते. तेव्हा वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे श्वासमापक तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते आणि सुइणी यांच्या हाती हे निदान व औषध दिल्यावर तेथील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी आढळले. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या मण्यांकडे पाहावे. लाल मणी सरकला तर औषध तत्काळ. न सरकला तर अँटिबायोटिक नाही. ‘असू द्यावे म्हणून’ दिलेल्या औषधाला या हिशेबात जागा नाही.

आपल्या घरांतील नित्याच्या आजारांनाही असेच मणी आहेत. घसा दुखतो आणि त्यासोबत सर्दी व खोकला आहे, तर कारण बहुधा विषाणू असते. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही. उलट खोकला नाही, पण ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत आणि गळ्याच्या पुढील गाठी सुजून दुखतात, तर जिवाणूची शंका बळावते. सर्दीनंतरचा खोकला दोन-अडीच आठवडे रेंगाळू शकतो. पाचव्या दिवशी औषध बदलून मागण्यात अर्थ नसतो. मात्र धाप लागणे, रक्त पडणे किंवा वजन घटणे दिसल्यास थांबू नये. दोन आठवड्यांपुढे खोकला राहिला, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी.

डेंग्यूत तर आपली दृष्टी भलत्याच ठिकाणी खिळते. घरातील सारे प्लेटलेटचा आकडा विचारत राहतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १०,००० च्या खाली आकडा गेल्यावरच प्लेटलेट देण्याचा विचार होतो. खरी जोखीम पुष्कळदा ताप उतरल्यावर सुरू होते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे. यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. डेंग्यूच्या शंकेत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी औषधे मनाने घेऊ नयेत.

सलाइनचाही हिशेब मांडून पाहावा. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. आपली ज्वारीची एक भाकरी याहून अधिक शक्ती देते. उलट्या थांबत नसतील किंवा रक्तदाब ढासळत असेल, तेव्हा हीच बाटली प्राण वाचवते. नुसत्या अशक्तपणासाठी ती व्यर्थ होय.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची औषधांची दुकाने आहेत. त्यांना ठाऊकच आहे, की मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मधील औषधांच्या विक्रीत डॉक्टर व रुग्ण यांची नोंद ठेवावी लागते आणि ती नोंदवही ३ वर्षे जपावी लागते. यांत अनेक प्रबळ अँटिबायोटिके आहेत. वारंवार व अकारण वापराने जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. ओळखीच्या ग्राहकाला चिठ्ठीविना पट्टी देणे ही आपुलकी नव्हे. उद्या त्याच्याच नातवाला न्यूमोनिया झाला, तर ते औषध निरुपयोगी ठरू शकते.

निर्णय योग्य व्हावा यासाठी रुग्णाचाही वाटा असतो. पर्युषण असो वा दशलक्षण पर्व, उपवास धरणाऱ्या मधुमेही व्यक्तीने निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून आपला नियम स्पष्ट सांगावा: एकाशन की निराहार, पाणी घेणार की नाही, चौविहार आहे काय. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्याच मात्रेत घेऊन निराहार राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण दिसले आणि साखर ७० च्या खाली गेली, तर तत्काळ साखर घेणे अनिवार्य असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबाबतही असाच बदल करावा लागतो. संकोचाने नियम लपवला, तर डॉक्टरांचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो.

पुढच्या वेळी दवाखान्यातून निघताना ‘आणखी काही देत नाही का?’ याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: हा आजार साधारण किती दिवस राहील? कोणते लक्षण दिसले तर लगेच यावे? आणि तोवर घरी काय करावे? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तर शुल्क सार्थकी लागले असे निःशंक समजावे. चिठ्ठीवर तेव्हा एकच गोळी असली तरी चालेल.