फ्लॅश नको, धीर हवा

इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाची जत्रा सुरू होते पौष अमावास्येला. मेस्राम कुळातल्या गोंडांची महापूजा रात्रीची, चंद्रही नसतो. जुना डिजिटल कॅमेरा अशा वेळी फोकस शोधत नुसता घरघरतो. ऑटोफोकसला उजेड-अंधाराची ठळक कड लागते, काळोखात ती सापडत नाही. मग आपली मुलं फ्लॅश मारतात, थेट लोकांच्या डोळ्यांवर. हे मला अजिबात पटत नाही. मधला फोकस पॉइंट निवडा, दिव्यात उजळलेल्या पागोट्याच्या कडेवर धरा. नाहीच जमलं तर हाताने फोकस करा. आयएसओ १६०० ठेवा; फोटोत दाणे येतील, येऊ देत. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आपल्या तोंडावर कुणी असा फ्लॅश मारला, तर चालेल का आपल्याला?