मैदानावरील मतदार

ब्राझीलच्या सॉक्रेटिसची कारकीर्द केवळ गोलांच्या हिशेबात मोजणे अन्यायाचे होईल. मधल्या फळीतून चढाई रचणारा हा खेळाडू पदवीने डॉक्टर होता. देशात लष्करी राजवट असतानाही त्याच्या कोरिंथियन्स संघात खेळाडूंपासून सेवकांपर्यंत सर्वांना समान मत होते. शिस्त बिघडेल, ही भीती खोटी ठरली. १९८२ व १९८३ मध्ये संघाने साओ पावलो राज्याचे विजेतेपद पटकावले. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती फेटाळली गेली, तेव्हा आधी जाहीर केल्याप्रमाणे तो देश सोडून इटलीत खेळावयास गेला. विश्वचषक त्याला लाभला नाही. परंतु पोटाच्या व्यवसायात शिरताना नागरिकत्व दाराबाहेर ठेवावयाचे नसते, हा त्याचा धडा शाळा-कचेऱ्यांनाही तितकाच लागू आहे.