‘बारा वर्षं जुनी’ म्हणजे काय रे भाऊ?

प्रत्येक ग्रुपमध्ये एक ‘जाणकार’ असतोच. शूज त्यालाच कळतात, कॅमेरा त्यालाच कळतो आणि अलीकडे व्हिस्कीही त्यालाच कळायला लागलेली असते. ‘सिंगल माल्टच खरी, बाकी सगळं पाणी.’ ‘बारा वर्षांच्या खालची हातात धरायची नाही.’ ‘बर्बन म्हणजे अमेरिकन सरबत.’ ‘पाणी घालतोस? मग पितोस कशाला?’ अशी वाक्यं तो इतक्या ठामपणे टाकतो की बाकीचे मुकाट माना डोलावतात. यातली निम्मी वाक्यं कुठल्या तरी काकांची असतात, उरलेली रील्समधली.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू या. महाराष्ट्रात व्हिस्कीसारखं कडक मद्य घेण्याचं कायदेशीर वय २५ आहे. म्हणजे हे पान वाचणाऱ्या बहुतेकांसाठी तो विषय अजून बंद आहे, आणि काय प्यावं हे सांगायला हा लेख नाही. पण गंमत अशी की ज्या वयात बाटली घ्यायला परवानगी नसते, त्याच वयात बाटलीबद्दलची मतं भरपूर आणि फुकट मिळतात. ती मतं कशी ऐकायची, एवढाच आपला मुद्दा.

व्हिस्कीच्या गप्पा नीट ऐका. तीन शब्द सारखे येतात: जुनी, महाग, दुर्मीळ. माझं म्हणणं असं की या तीन शब्दांतून चवीबद्दल जवळपास काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच, की बोलणाऱ्याला कशाचा भाव खायचा आहे. पटत नसेल तर एकेक शब्द घेऊन बघू. त्याआधी स्कॉच विरुद्ध बर्बन हे भांडण मिटवू.

भांडण दोन देशांचं, पिंप एकच

बर्बन म्हणजे काय, हे अमेरिकेच्या नियमांत लिहिलेलं आहे. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा. आतून जाळून कोळशाचा थर केलेल्या ओकच्या नव्या पिंपात ती मुरायला हवी. वरून रंग किंवा स्वाद घालायचा नाही. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचं खास उत्पादन असल्याचं जाहीर केलं. ‘केंटकीत बनते तीच बर्बन’ हा समज मात्र चुकीचा आहे. बहुतांश बर्बन तिथे बनते हे खरं, पण अमेरिकेत ती कुठेही बनवता येते.

यातला ‘नव्या पिंपात’ हा शब्द पकडून ठेवा. एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. मग रिकामी झालेली ती लाखो पिंपं जातात कुठे? त्यातली मोठी संख्या जाते स्कॉटलंडला. आज तिथे मुरत पडलेली बहुतांश स्कॉच बर्बनच्या जुन्या पिंपांतच आहे. व्हॅनिला, टॉफी, मधासारखा गोडवा असं ज्याचं कौतुक चालतं, त्यातलं बरंचसं त्या जळक्या ओकच्या लाकडातून येतं. म्हणजे बर्बनला नाक मुरडणाऱ्या स्कॉचभक्ताच्या ग्लासात पाहुणा म्हणून बर्बनच बसलेली असते!

रंगाचंही तसंच. ‘बघ, किती गडद आहे, जुनी असणार’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला कायद्याने परवानगी आहे. त्यामुळे गडद रंग वयाचा असेल किंवा कॅरमलचा असेल. नुसतं बघून कळत नाही. ज्या बर्बनला आपण सरबत म्हणून हिणवलं, तिच्यात मात्र ही सोय नाही.

आणि ‘सिंगल माल्ट’? यातल्या ‘सिंगल’चा अर्थ एकाच डिस्टिलरीतली, आणि ‘माल्ट’चा अर्थ फक्त मोड आणलेल्या बार्लीची. एका पिंपातली नव्हे, आणि आपोआप चांगली तर मुळीच नव्हे. शब्द बनवण्याच्या पद्धतीचा आहे, परीक्षेतल्या ग्रेडचा नाही.

आपल्या घरचीही एक गोष्ट यात आहे. भारतात ‘व्हिस्की’ म्हणून खपणारा बराच स्वस्त माल धान्यापासून नव्हे, तर उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटमध्ये थोडं माल्ट किंवा स्कॉच मिसळून बनतो. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे तिथे हा माल व्हिस्की या नावाने विकता येत नाही. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत वाढलेल्यांना मळीचा वास ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. पण लेबलवरचा डौलदार घोडा किंवा राजवाडा बघून ‘हे तेच’ असं कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुनी: कुठे जुनी?

आता पहिला शब्द. बाटलीवर १२ लिहिलं असेल तर आतल्या मिश्रणातली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षांची, असा त्याचा अर्थ. आणि ती १२ वर्षं पिंपातली. बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही. त्यामुळे कपाटात वीस वर्षं जपलेली काकांची बाटली वीस वर्षांनी मोठी झालेली नसते. तिच्यावर फक्त धूळ जमलेली असते.

शिवाय पिंप कुठे ठेवलंय यावर सगळं अवलंबून. स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. तिथले लोक प्रेमाने याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बेंगळुरूमध्ये हाच वाटा वर्षाला १० टक्क्यांच्या वर जातो. उष्णतेत लाकडाशी होणारी देवाणघेवाणही झपाट्याने होते. त्यामुळे चार-पाच वर्षांत जे साधतं, त्यासाठी थंड प्रदेशात कितीतरी अधिक काळ लागतो. आणि इथे पिंप वीस वर्षं ठेवायचं म्हटलं तर शेवटी पिंपच उरेल. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने आपल्या आठ वर्षांच्या एका व्हिस्कीचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’ ठेवलं, म्हणजे हावरट देवदूत.

याच अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती भारतात नव्हे, थेट ग्लासगोमध्ये. स्कॉचच्या घरात! ‘इंडियन’ शब्द ऐकून लोक हसत. मग २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये जिम मरे या समीक्षकाने अमृत फ्यूजनला जगात तिसरा क्रमांक दिला आणि हसणं थांबलं. पाठोपाठ गोव्यातली पॉल जॉन आली. व्हिस्की तीच होती, लेबलकडे बघायची नजर बदलली. बारा वर्षांचा नियम कवटाळून बसलेल्याला यातलं काहीच हाताला लागलं नसतं.

दुर्मीळ: रांगेची चव

दुर्मीळपणाची गोष्ट तर आणखी भारी. ‘पॅपी व्हॅन विंकल’ ही केंटकीतली बर्बन. बनते थोडी, पण नाव एवढं मोठं की दुकानाच्या ठरलेल्या किमतीला ती जवळपास कुणालाच मिळत नाही. बाहेर तिच्यासाठी कित्येक पट मोजले जातात. २०१३ मध्ये डिस्टिलरीतून तिच्या दोनशेहून अधिक बाटल्या चोरीला गेल्याचं उघड झालं. २०२३ मध्ये ओरेगन राज्यात तर मद्य नियंत्रण करणाऱ्या सरकारी आयोगाच्या अधिकाऱ्यांनीच अशा दुर्मीळ बर्बन स्वतःसाठी बाजूला काढून ठेवल्याचं बाहेर आलं आणि आयोगाच्या संचालकांना पद सोडावं लागलं. पैसे भरले होते हो त्यांनी. फक्त रांग मोडली होती.

आता यातली मेख. त्याच डिस्टिलरीत ‘वेलर’ नावाची बर्बन बनते. धान्याचं मिश्रण पॅपीचंच, मक्यासोबत राय ऐवजी गहू. फरक पिंपांच्या निवडीचा आणि वर्षांचा. हौशी लोकांनी हे शोधून काढलं आणि ‘गरिबांची पॅपी’ म्हणून वेलरची शिफारस सुरू केली. परिणाम? वेलरही दुकानातून गायब झाली. शिफारस खरी होती, आणि तिनेच त्या शिफारशीचा फायदा संपवला. कोकणातला ‘शांत, कुणाला माहीत नसलेला’ बीच कसा संपतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जपानचंही तसंच. ‘यामाझाकी शेरी कास्क २०१३’ ही व्हिस्की २०१५ च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये जगात पहिली आली आणि जपानी व्हिस्कीवर उड्या पडल्या. नियम ढिले होते, त्यामुळे परदेशातून आणलेली व्हिस्की जपानी नाव लावून विकणंही सोपं होतं. अखेर २०२१ मध्ये तिथल्या उत्पादकांच्या संघटनेला ‘जपानी व्हिस्की कशाला म्हणायचं’ याचे नियम ठरवावे लागले.

महाग: जीभ की किंमत?

तिसरा शब्द महाग. इथे दोन प्रयोग सांगतो. दोन्ही वाइनवरचे आहेत, पण धडा व्हिस्कीलाही लागू पडतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला प्रयोग तुमच्याच वयाच्या मुलांवर झाला. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. मंडळींनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. दुसरा २००८ चा, अमेरिकेतला. तीच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून दिली, एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० वाली लोकांना जास्त आवडली. ते थापा मारत नव्हते. मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंद जास्त दिसत होता. म्हणजे किंमत ऐकली की जीभ खरोखर बदलते. जाणकार खोटं बोलतो असं नाही. त्याला चव आणि किंमत वेगळी करता येत नाही, इतकंच.

जे खरे दर्दी असतात त्यांना हे माहीत असतं, आणि म्हणून ते बाटल्या झाकतात. ग्लासांवर फक्त नंबर. आधी लिहायचं, मग बाटली बघायची. स्वस्तातली जिंकली तर जाहीरपणे मान्य करायचं. ते पाण्यालाही घाबरत नाहीत. व्हिस्कीचे व्यावसायिक ब्लेंडर वासावरून नमुना पारखताना त्यात पाणी घालून तो साधारण २० टक्के अल्कोहोलपर्यंत खाली आणतात, कारण कडक अल्कोहोल नाकाला बधिर करतं. ‘नीटच प्यायची’ ही मर्दानगी पोटापाण्यासाठी व्हिस्की हुंगणाऱ्यांच्या कामाची नाही.

मग हे आपल्याला कशाला?

कारण यात गमवायला बरंच काही आहे. ‘चव हळूहळू कळायला लागते’ असं म्हणत पहिला ग्लास हातात देणारा हाच जाणकार असतो. स्वस्तातली क्वार्टर पुढे केली असती तर तुम्ही ‘नको’ म्हणाला असता. पण सिंगल माल्ट म्हटलं की ते व्यसन वाटत नाही, शिक्षण वाटतं. नाही म्हणणारा गावंढळ ठरतो. हा या भाषेचा खरा धोका. बाटली सहाशेची असो की साठ हजारांची, आतलं अल्कोहोल अल्कोहोलच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. यकृताला लेबल वाचता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग दर्दीपणाच वाईट का? अजिबात नाही. मका कुठला, लाकूड कुठलं, हवा कशी, मेहनत कुणाची, हे बारकाईने बघणारी माणसं मला आवडतात. पण त्या नजरेसाठी ग्लास लागत नाही. चहावर सुरू करा. तीन टपऱ्यांचा चहा सारख्याच कपांत ओता, नंबर घाला आणि ओळखा. पुढच्या मोसमात देवगड की रत्नागिरी या भांडणावर डोळ्यांना पट्टी बांधून फोडी खा. चॉकलेट, कॉफी, इअरफोन, काहीही चालेल. आपण कितीदा आपटतो हे बघितलं की दुसऱ्याचा ठाम आवाज ऐकून दबून जायची सवय आपोआप सुटते.

आणि ग्रुपमधल्या त्या जाणकाराने पुढच्या वेळी सुरुवात केली की त्याला तीनच प्रश्न विचारा. तुला यात नेमकं काय आवडलं? झाकून दिली असती तर ओळखली असतीस? आणि निम्म्या किमतीत याच्या जवळ जाणारी कुठली? उत्तरं आली तर बसून ऐका, माणूस खरंच दर्दी आहे, त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. उत्तराऐवजी पुन्हा ‘अरे, बारा वर्षं जुनी आहे!’ आलं, तर आपला कटिंग घ्या आणि विषय बदला.