किंतु-परंतु गाळलेला सल्ला
इराकवरील चढाईआधी, ७ मार्च २००३ रोजी, ब्रिटनचे अ‍ॅटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी पंतप्रधान ब्लेअर यांना गोपनीय सल्ला दिला: युद्धाला परवानगी देणारा संयुक्त राष्ट्रांचा दुसरा ठराव मिळवणेच कायद्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित. दहा दिवसांनी संसदेपुढे आले ते सगळे किंतु-परंतु गाळलेले छोटेखानी उत्तर. म्हणे, युद्ध कायदेशीर! परराष्ट्र खात्याच्या विधिज्ञ एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी मात्र राजीनामा दिला. सरकारी वकिलांत असा कणा विरळाच. मूळ सल्ला जनतेला दिसला तो २००५ मध्ये. या लपवाछपवीची किंमत ब्लेअर यांच्यापुरती राहिली नाही. २०१३ मध्ये सीरियाविरुद्ध लष्करी कारवाईचा पंतप्रधान कॅमेरन यांच्या सरकारचा प्रस्ताव संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. सरकारने गुप्तचरांचा निष्कर्ष आणि कायदेशीर भूमिका दोन्ही आधीच जाहीर केली होती. तरीही अनेक खासदारांना आठवला तो इराकच.